वकील कधी बोलतो

८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, आतापासूनच लिहायची सवय लावून घ्या. म्हणून ही वही. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून बायकोने घेतली आणि वर म्हणाली, "जाड कागदाची घेतलीय. तुम्ही पेन दाबून लिहिता."

मी लिहिणारा माणूस नाही. मी ओरडणारा माणूस. फळबाजारात लिलाव पुकारतो, उभं आयुष्य त्यातच गेलं. माझ्या पाठीमागे सगळे मला भोंगा म्हणतात आणि तोंडावर भोंगाशेठ, एवढाच काय तो मान. या टोकाला मी संत्री पुकारली की त्या टोकाचा केळीवाला दचकतो.

घशातली गाठ वाईट निघाली. स्वरयंत्रासकट काढावी लागणार. गळ्याला पुढून भोक ठेवतील, श्वास तिथून घ्यायचा. मी विचारलं, "आणि आवाज?" ते म्हणाले, पुढे यंत्र लावून बोलता येतं, बरेच लोक छान बोलतात. मी म्हटलं, "पण माझा आवाज?" त्यावर ते समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला लागले. तेव्हा मला कळलं.

 

९ जानेवारी

पोरीला काही कळवायचं नाही असं ठरलं. ती एवढ्या लांब, त्यात पोटुशी. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात जे झालं त्यानंतर ती कित्येक महिने फोनवर नुसती हं हं करायची. आता सहावा लागलाय. बायको म्हणाली, "बाळंत होऊ दे, मग सांगू." मला पटलं.

पण मग एक विचार डोक्यात शिरला तो जाईना. ती येईल तेव्हा मी मुका असणार. नातवंडाला आजोबाचा आवाज कसा होता ते कोण सांगणार? बायकोने केलेली माझी नक्कल मी ऐकलीय. अगदीच वाईट.

आणि मग समोर बघतो तर वकील.

वकील म्हणजे आमचा पोपट. पोरीनेच शाळेत असताना पाळला आणि नाव ठेवलं, कारण चोच वर करून असा बघतो की आता साहेबांपुढे उभा राहून बाजू मांडेल. सासरी जाताना ठेवून गेली. पण हा वकील फी घेऊन गप्प बसणारा. इतकी वर्षं पेरू खातोय, माझ्यासमोर एक शब्द काढला नाही. बायको म्हणते, "बोलतो की अधूनमधून." आईला आपलं लेकरू हुशारच वाटतं.

याला एक वाक्य शिकवायचं. माझ्या आवाजात. पोपट पुष्कळ जगतात.

१२ जानेवारी, रविवार

पोरीचा फोन आला. रविवारी ती घरच्या फोनवरच करते. पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर तो ठेवलेला आहे, मीच उचलतो. आज मनाशी ठरवलं होतं की जरा बोलायचं. तिने "बाबा" म्हटलं आणि मी म्हणालो, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो."

सवय, दुसरं काय. बाजारात हजार माणसांपुढे तोंड चालतं. हिच्यापुढे काय बोलायचं ते सुचत नाही. आणि आज तर भीती होती, घसा खरवडतोय हे तिच्या लक्षात येईल.

बायको म्हणाली, "मोबाइलमध्ये भरून ठेवा की तुमचा आवाज." तेही करून पाहिलं. बटण दाबलं आणि तोंडातून निघालं, "हॅलो, हॅलो, माल बघा, माल बघा." पुसून टाकलं. शिवाय बटण दाबल्यावर बोलणार ते बोलणं काय कामाचं? पाखरू कसं, आपण होऊन बोलेल.

"मग तुम्हीच करा तिला फोन," बायको म्हणाली, "आपण होऊन."

हिला मुद्दा कळत नाही.

१७ जानेवारी

शिकवणी सुरू आहे. वाक्य ठरवायलाच दोन दिवस गेले. शेवटी हे ठरलं: पोरी, तुझी फार आठवण येते गं. रोज सकाळी बाजारातून आलो की पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसतो आणि म्हणतो. तो मान वाकडी करून माझ्या तोंडात बघतो. गाठ दिसत असेल.

आज बायको आतून म्हणाली, "अहो, आठवण येतेय की लिलावात काढलीय?" खरं आहे, वाक्य फार मोठ्याने निघतं. हळू म्हणायला गेलो तर मध्येच आवाज फाटला. वकिलाने पेरूची बी माझ्या शर्टावर उडवली.

२१ जानेवारी

तपासणीसाठी दिवसभर हॉस्पिटलात. यंत्राच्या नळकांड्यात घालून फोटो काढले. मी एकटाच गेलो होतो, बायकोचे गुडघे धरले होते.

संध्याकाळी जिन्यात शेजारचे टेलरमास्तर भेटले. म्हणाले, "दुपारी आवाज अगदी ठणठणीत होता तुमचा. म्हटलं, चला, बरं वाटतंय भोंगाशेठना." मी म्हटलं, मास्तर, दुपारी मी हॉस्पिटलात पालथा पडलो होतो. ते म्हणाले, "छे, छे, वहिनींशी बोलत होता. चहा मागत होता."

मास्तरांचं वय झालं. मागे एकदा माझी विजार दुसऱ्याच कुणाच्या मापाने शिवली होती, तेव्हाच मला शंका आली होती. बायकोला हे सांगून हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "जेवून घ्या, गार होतंय."

२५ जानेवारी

वकिलाची नखं वाढली होती म्हणून आम्ही दोघांनी त्याला पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला विचारायचं होतं ते वेगळंच. म्हटलं, बाई, हा बोलत का नाही? मी रोज तास तास शिकवतोय.

बाई नखं कापता कापता म्हणाल्या, "तुम्ही समोर बसता, म्हणून नसेल बोलत. पोपट थव्यात राहणारा पक्षी. थव्यातलं कुणी दिसेनासं झालं की हाक घालतो, कुठे आहेस म्हणून. तुम्ही समोरच असाल तर तो हाक कुणाला घालणार?"

"पण वाक्य तर शिकेल?"

"शिकवणीतलं कमी शिकतात. घरात रोज खरोखर जे बोललं जातं, त्याच वेळेला, त्याच माणसांत, ते उचलतात. काही पक्षी तर फार लबाड असतात. दोघांच्या बोलण्यात उत्तराची जागा कुठली हे त्यांना कळतं. तिथे उत्तर आलं नाही, तर स्वतःच देऊन टाकतात." मग त्यांनी विचारलं, "घरी कुणाच्या आवाजात बोलतो हा?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. मुका आहे."

बायको पिंजऱ्यावरचं फडकं नीट करत होती. ते आधीच नीट होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, शिकलेली माणसं साधी गोष्ट अवघड करून सांगतात. माझ्या शिकवण्यातच काहीतरी कमी पडतंय. उद्यापासून दोन वेळा बसणार.

२९ जानेवारी

आज शेवटचा लिलाव पुकारला. आवाज घोगरा होता तरी पोचत होता. शेवटचा ढीग संत्र्यांचा. एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, आणि तिसरं तोंडातून निघेचना. सगळे बघत उभे. शेवटी घेणारा म्हणाला, "भोंगाशेठ, तीन म्हणा की! माल वाळून जाईल." हशा झाला. मग म्हटलं.

काट्यावरचा म्हातारा वजनं पुसत रडत होता. मी त्याला शिव्या दिल्या. शिव्या चांगल्या निघाल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या दाखल व्हायचं. पोरीचा फोन आला. रिसीव्हर कानाला लावला आणि वकिलाकडे बघत राहिलो. आज तरी बोलायचंच होतं. ती म्हणाली, "बाबा, काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही. बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." मग ती थांबली, मीही थांबलो. मला वाटलं, आता म्हणतो. तोंडातून निघालं, "थांब, आईला देतो."

त्यानंतर वकिलासमोर बसून ते वाक्य म्हणत राहिलो, आवाज बसेपर्यंत. बायकोने पाणी आणून दिलं. म्हणाली, "फोन अजून चालू आहेत गावातले." मी हात हलवला.

वकील शेवटपर्यंत गप्प. माझी सगळी मेहनत पाण्यात.

२० फेब्रुवारी

घरी आलो. श्वास भोकातून येतो-जातो, त्यावर ओलसर पातळ फडकं असतं. खोकला आला तरी नुसती फुसफुस. नाकाला वास येत नाही, चहाचासुद्धा.

बायकोने पोरीची लहानपणची पाटी माळ्यावरून काढलीय. त्यावर मी लिहायचं. पहिलं काय लिहू ते सुचेना. "चहा" लिहिलं. ती पाटी छातीशी धरून आत गेली आणि बराच वेळ चहा आला नाही.

वकील मला ओळखेना. मी खोलीत आलो की पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

औषधाने दिवसाही झोप लागते. आतल्या खोलीत पडलो होतो. जाग आली तेव्हा बायको बाहेर फोनवर होती. "हो हो, बाबाच! चहा मागतायत. त्यांना दुसरं काय सुचतं? नाही गं, आता आंघोळीला चाललेत, पुढच्या रविवारी बोल." आणि वर हसली.

केवढी धीराची बाई. मी इथे गळ्याला भोक घेऊन पडलोय आणि ही मी चहा मागतोय म्हणून सांगते, तेही इतकं सहज. इतकं खोटं मला बाजारातही जमलं नाही.

४ मार्च

आज मास्तर मला मलमपट्टीला घेऊन गेले होते. परतताना ते खाली पानवाल्याशी बोलत थांबले, मी हळूहळू जिना चढलो. आता माझी चाहूल लागत नाही. दार लोटलेलं होतं.

आतून माझा आवाज आला.

"चहा टाक गं."

बायको म्हणाली, "टाकते. साखर कमी हं."

"हं."

मग खोकला. माझा, गेल्या वर्षीचा, तो कोरडा. बायको आतून म्हणाली, "औषध घेतलंत का?" त्यावर काही उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने माझाच आवाज म्हणाला, "चाललो गं. दार लाव." आणि ती म्हणाली, "सावकाश जा."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझ्याच घरात मी होतो आणि मला आत जायची भीती वाटत होती. शेवटी दार ढकललं. वकील गप्प झाला. बायकोच्या हातात चहाचे दोन कप होते.

पाटीवर लिहिलं, "कधीपासून?"

"पोरगी सासरी गेल्यापासून. तुम्ही घराबाहेर पडलात की सुरू होतो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आणि नंतर तुमची ती शिकवणी सुरू झाली. कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या आवाजात त्याला काय काय येतं? ऐकलंत ना आता. चहा टाक, दार लाव. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि खरं सांगू, दुपारी तेवढीच सोबत होती मला. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा तर..."

मी लिहिलं, "आणि आठवण येते गं? ते एकदाही नाही?"

"ते तुम्ही कुणाला म्हणालात कधी? त्यालाच म्हणालात. तिला म्हणताना त्याने ऐकलं असतं, तर उचललं असतं त्याने."

पाटी पुसली. इतक्या वर्षांत घरात मी जे बोललो ते एवढंच. बाजारात मात्र काहीच शिल्लक ठेवलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "फोन वाजला की पण बोलतो. ते अजून ऐकलं नाहीत तुम्ही." काय बोलतो ते मी विचारलं नाही.

११ मार्च

दाबून लिहिल्याने कागद फाटतोय.

बायको गुडघे दाखवायला गेली होती. दुपारी घरचा फोन वाजला. आज रविवार नाही. मी उचलायचा नाही असं ठरलंय, पण वाजायचा थांबेना. रविवार नाही आणि फोन थांबत नाही, मला भलतंसलतं वाटलं. उचलला.

"बाबा?"

मी रिसीव्हर घट्ट धरून उभा. ती थांबली. आणि शेजारच्या पिंजऱ्यातून, मी समोर उभा असताना, माझ्या आवाजात उत्तर गेलं.

"बरी आहेस ना? थांब, आईला देतो."

ती एकदम म्हणाली, "नको, बाबा. आज आईला नका देऊ. तुमच्याशीच बोलायचंय." आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. पुन्हा तसंच काहीसं दिसतंय, पण या वेळी वेळेत कळलं. तिला फार भीती वाटते. नवऱ्यासमोर रडत नाही, तो आधीच घाबरलेला. आईला सांगितलं तर ती तिकडे जेवणखाण सोडेल. "म्हणून तुम्हाला. तुम्ही काही बोलूच नका. फक्त फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही. ती बोलत राहिली. बाळ रात्री लाथा मारतं ते सांगितलं. पलंगावरून तिला खिडकीत एक झाड आणि अर्धी भिंत दिसते तेही. लहानपणी मी तिला पाठुंगळीला घेऊन बाजारात न्यायचो, मी ओरडलो की माझी पाठ थरथरायची आणि ती तिला पोटाशी जाणवायची, हे तिने सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं. मी गळ्यावरचं फडकं हाताने दाबून धरलं होतं, फुसफुस तिकडे जाऊ नये म्हणून. त्यामुळे श्वास कोंडत होता. डोळ्यांतून पाणी गळून रिसीव्हर ओला झाला.

मग ती म्हणाली, "बाबा, इतका वेळ तुम्ही कधीच माझ्याशी बोलला नाहीत."

मी एक शब्द बोललो नव्हतो.

"आता एकदा म्हणा ना. काहीही. तुमचा आवाज ऐकला की ठेवते."

मी वकिलाकडे बघितलं. खरंच हात जोडले त्याच्यापुढे, रिसीव्हर मानेत धरून. तो पंख साफ करत बसला. फोनवरची त्याची उत्तराची जागा होऊन गेली होती. तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचं आठवलं: दिसेनासं झाल्याशिवाय हाक घालत नाही. रिसीव्हर पिंजऱ्याला टेकवून स्टुलावर ठेवला आणि मी दाराबाहेर गेलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मनात म्हणत होतो, एकदा म्हण, बाबा. महिनाभर शिकवलंय. एकदा म्हण.

आणि तो बोलला. मी घराबाहेर पडताना जे म्हणायचो तेच.

"चाललो गं. दार लाव."

धावत आत आलो. रिसीव्हरमधून तिचं ओलं हसू ऐकू आलं, "जा, जा. बाजाराला उशीर होत असेल." आणि फोन बंद झाला.

बायको आली तेव्हा मी तसाच जमिनीवर बसलेलो. पाटीवर सगळं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तिने वाचलं आणि खाली माझ्याशेजारी बसली, गुडघ्यांचं काही न म्हणता. मी लिहिलं, "तिला सांगायचं." ती म्हणाली, "या अवस्थेत?" मी लिहिलं, "ती आपल्यापासून लपवत होती. मला सांगितल्यावर हसली."

मग मोबाइल घेतला आणि एका बोटाने तिच्यासाठी लिहिलं. बराच वेळ लागला. जसं लिहिलं तसं इथे उतरवतो.

पोरी, माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव धोक्यात नाही. आवाज गेला. मघाशी बोलला तो वकील. गप्प होता तो मी. तुझी फार आठवण येते गं. आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय.

बायकोने ते दोनदा वाचलं आणि तिनेच पाठवलं, माझं बोट धजेना.

थोड्या वेळाने घरचा फोन वाजला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी उचलला. वकिलाने मान वर केली, चोच उघडली, आणि बायकोने पटकन पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

पलीकडे ती काही बोलत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता. मी गळ्यावरचा हात काढला आणि माझाही तिला ऐकू दिला.